मांजराचे वजन कसे कमी करावे? उपाशी न ठेवता मोजून खाऊ घालण्याची पद्धत

वाशिम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यातल्या इंझोरीसारख्या गावात मांजर सहसा एकाच घराचे नसते. सकाळी एका घरी दूध, दुपारी शेजारी दूध-पोळी, रात्री तिसऱ्या घरी मटणाचे तुकडे. दिवसभर गोठ्यात, शेतात उंदरांमागे धावणाऱ्या मांजराला हे जिरते. नसबंदी झालेले, घरातच झोपून असणारे मांजर मात्र त्याच खुराकावर फुगत जाते. नसबंदीनंतर मांजराची कॅलरींची गरज कमी होते आणि भूक वाढते.

लठ्ठ मांजराला मधुमेह आणि सांधेदुखी होण्याचा धोका अधिक असतो. पाठीपर्यंत तोंड न पोहोचल्याने त्याला अंग चाटून स्वच्छ ठेवणेही जमत नाही.

मांजर लठ्ठ आहे हे कसे ओळखावे?

बरगड्यांवरून हलका हात फिरवावा. बरगड्या सहज जाणवल्या आणि वरून पाहताना कंबर दिसली, तर वजन ठीक आहे. दाबूनही बरगड्या लागत नसतील, तर चरबी वाढली आहे. पशुवैद्य यासाठी 1 ते 9 गुणांची पट्टी वापरतात. त्यात 5 गुण म्हणजे योग्य बांधा. नुसते पोट सुटलेले दिसले म्हणून खाणे कमी करू नये. जंत, गाभण असणे किंवा पोटात पाणी होणे, यांमुळेही पोट मोठे दिसते. म्हणून आधी तपासणी करून घ्यावी.

उपास का घडवू नये?

‘दोन दिवस काही दिले नाही की आपोआप उतरेल’ हा समज जीवघेणा ठरू शकतो. लठ्ठ मांजराने काही दिवस खाल्ले नाही, तर अंगातली चरबी वेगाने यकृतात साठते आणि यकृत काम करेनासे होते. डोळे-हिरड्या पिवळ्या पडणे, उलट्या, सुस्ती ही त्याची लक्षणे. मांजराने पूर्ण दिवस अन्नाला तोंड लावले नाही, तर पशुवैद्याला गाठावे.

किती खाऊ घालावे?

5 किलोच्या मांजराला 4 किलोवर आणायचे आहे असे समजू. 4 किलोच्या मांजराला नुसत्या विश्रांतीसाठी दिवसाला सुमारे 200 कॅलरी लागतात. वजन उतरवताना त्याच्या 80 टक्के, म्हणजे साधारण 160 कॅलरींपासून सुरुवात करतात. नेमका आकडा पशुवैद्याने ठरवावा. कोरड्या खाद्याच्या 100 ग्रॅममध्ये बहुधा 350 ते 400 कॅलरी असतात, म्हणजे दिवसाचा वाटा 40 ते 45 ग्रॅमच होतो. वाटीच्या अंदाजाने चूक होते. वजनकाट्यावरच मोजावे.

म्हशीच्या 50 मिलि दुधात सुमारे 50 कॅलरी असतात. म्हणजे एक छोटी वाटी दूध प्यायले की दिवसाच्या वाट्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा संपला! शिवाय बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. दूध बंद करून स्वच्छ पाणी ठेवावे.

खाणे कमी करताना पोषण कमी होऊ नये. मांजर मूळचे मांसाहारी आहे. त्याला लागणारे टॉरिन हे द्रव्य मांस-मासळीत असते, पोळी-भाकरीत नसते. त्याच्या कमतरतेने हृदय आणि डोळे बिघडतात. कांदा-लसूण घातलेला रस्सा मांजराला विषारी असतो.

रोजची पद्धत

• दिवसाचा वाटा सकाळीच मोजून वेगळ्या डब्यात काढावा आणि तीन-चार वेळा विभागून द्यावा.
• नवे खाद्य आठ-दहा दिवसांत हळूहळू जुन्यात मिसळत न्यावे.
• घरातल्या सर्वांना आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवावे. एका घराने मोजायचे आणि दुसऱ्याने वाढायचे, तर उपयोग नाही.
• घरात दोन मांजरे असतील, तर वेगवेगळ्या खोलीत खाऊ घालावे.
• जेवणाआधी दोरी किंवा चेंडूने दहा मिनिटे खेळवावे.

वजन किती वेगाने उतरावे?

आठवड्याला अर्धा ते एक टक्का पुरे. 5 किलोच्या मांजरासाठी हे 25 ते 50 ग्रॅम झाले. या वेगाने एक किलो उतरायला पाच महिने किंवा त्याहून जास्त लागतात. दर पंधरवड्याला त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहावे. वजन हललेच नाही किंवा आठवड्याला दोन टक्क्यांहून जास्त घटले, तर वाटा बदलण्यासाठी पशुवैद्याकडे जावे. गावाजवळ पशुवैद्यकीय दवाखाना असतोच. मोठ्या तपासणीसाठी अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे.