टेअर वेट म्हणजे काय? काट्याच्या पावतीवरची तीन वजनं अशी वाचा

सध्या गावाकडच्या कुठल्याही वजनकाट्याची पावती बघा. वरची भाषा मराठी, कन्नड, गुजराती काहीही असो, खाली तीन इंग्रजी शब्द ठरलेले असतात : ग्रॉस, टेअर आणि नेट.

अर्थ : ग्रॉस वेट म्हणजे मालासकट सगळं वजन. टेअर वेट म्हणजे रिकाम्या गाडीचं, पोत्याचं किंवा डब्याचं वजन. ग्रॉसमधून टेअर वजा केलं की उरतं ते नेट, म्हणजे निव्वळ मालाचं वजन. पैसे फक्त नेटचे मिळतात.

शब्द आला कुठून : 'टेअर'चं मूळ अरबी 'तर्हा', म्हणजे टाकून द्यायचा, वजा करायचा भाग. 'नेट' फ्रेंचमधून आला, अर्थ स्वच्छ. गुजरातीत नेटला 'चोख्खुं वजन' म्हणतात, तोच भाव. कन्नडमध्ये तर 'निव्वळ तूक', आपलाच निव्वळ!

आपले शब्द : तेल घ्यायला भांडं नेलं की दुकानदार आधी 'धडा' करायचा, ते टेअरच. पोत्याचं वजन म्हणजे बारदान. पासंग मात्र वेगळा. तो तराजूच्या दोन पारड्यांतला फरक काढायला बांधतात.

गॅस सिलिंडर : घरगुती सिलिंडरवर टेअर लिहिलेलं असतं. समजा ते १५.३ किलो आहे. त्यात १४.२ किलो गॅस धरला की भरलेली टाकी २९.५ किलो भरली पाहिजे. घरपोच देणाऱ्याला वजन करून दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे.

उसाची गाडी : समजा भरलेली ट्रॉली १८,६४० किलो आणि रिकामी ६,४२० किलो. नेट झालं १२,२२० किलो. आता रिकामं वजन २०० किलोनं जास्त लिहिलं, तर ऊस तितकाच असूनही नेट २०० किलोनं घटलं. टनाला ३,००० रुपये भाव धरला तर एका खेपेला ६०० रुपये गेले. शेतकरी भरलेल्या वजनाकडे डोळे लावून बसतो, पण मार टेअरमध्येही बसू शकतो. म्हणून :

- गाडी खाली केल्यावर पुन्हा काट्यावर घ्यायला लावा. कॉम्प्युटरमधलं जुनं टेअर चालवून घेऊ नका.
- दोन्ही वेळा ड्रायव्हर-क्लीनर एक तर गाडीत असावेत, नाहीतर खाली.
- गाडी येण्याआधी काटा शून्यावर आहे का बघा.
- पावतीवर तिन्ही आकडे आणि दोन्ही वेळा हव्यात.

कायदा : वैध मापनशास्त्र कायदा २००९ चा, देशभर एकच. वजनकाट्याची दर १२ महिन्यांनी फेरपडताळणी करावी लागते. पाकीटबंद मालावर छापलेलं नेट वजन वेष्टनाशिवायचं असतं. मिठाईचा बॉक्सही मिठाईच्या भावानं तोलायचा नसतो. इलेक्ट्रॉनिक काट्यावर 'टेअर'चं बटण त्यासाठीच असतं. तक्रार आपापल्या राज्याच्या वैध मापनशास्त्र विभागाकडे करता येते. जाताना पावती मात्र जवळ ठेवा.