ओंडक्यांसाठी जन्मलेला पट्टा

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. जांबोटीच्या बाजूला एका रस्त्याची कड खचली होती आणि चार दिवस पाऊस हटत नव्हता. माती वाहणारा टिपर मागच्या चाकांनी रुतला तो रुतलाच. दगड टाकून झाले, फळ्या घालून झाल्या, पण चाक जागच्या जागी फिरून आमच्या अंगावर चिखल उडवत राहिले. शेवटी खाली काम करणारा पोकलेन वर बोलावला. वीस टनांचे ते धूड त्याच चिखलावरून सावकाश चालत आले, साखळी लावली आणि टिपर बाहेर.

दुपारी डबे सोडून बसलो होतो. पोकलेनचा ऑपरेटर खानापूर भागातलाच पोरगा. त्याने मला विचारले, "साहेब, हे पट्टं आधी कुणाला सुचलं ओ?"

मी मेकॅनिकलचा डिप्लोमावाला, खात्यात वीस वर्षे यंत्रांच्याच कागदपत्रांत गेलेली. ऐटीत सांगून टाकले, "लढाईत निघालं ते. आधी रणगाड्याला, मग शेतात, मग आपल्या रस्त्यावर." त्याने मान डोलावली. पण फार पटकन दिलेल्या उत्तराबद्दल नंतर चुटपुट लागते, तशी मला लागली. घरी येऊन शोधायला बसलो तर उत्तर चक्क चुकलेले. रणगाडा फार पुढचा. चालणारा, विकला जाणारा, रोजच्या कामाचा पट्टा पहिल्यांदा निघाला तो जंगलात तोडलेले ओंडके बर्फावरून ओढायला, अमेरिकेच्या अगदी ईशान्य टोकाच्या मेन नावाच्या राज्यात.

आपल्याकडे लाकूड म्हटले की दांडेली आठवते. बेळगावच्या जुन्या घरांतल्या सागवानी चौकटी, तुळया, माडीचे जिने आसपासच्या त्याच जंगलपट्ट्यातले. तिथे ओंडके हलवायला हत्ती होते, बैलगाड्या होत्या, पुढे लॉऱ्या आल्या. आपल्या जंगलात पावसाळा लागला की काम थंडावते, कारण चिखलात गाडी चालत नाही. मेनमध्ये याच्या बरोबर उलट. तिथे उन्हाळ्यात जंगल म्हणजे दलदल, तळी आणि डास. थंडीत सगळे गोठले की मगच तोडीला आणि वाहतुकीला जोर यायचा. तोडलेले पाइन आणि स्प्रूसचे ओंडके घसरगाड्यांवर रचायचे, घोड्यांनी नदीकाठी आणायचे, आणि वसंतात बर्फ वितळून नदीला पूर आला की पाण्यात सोडून खाली गिरण्यांपर्यंत न्यायचे. पेनॉब्स्कॉट नदीवरचे बँगोर हे गाव एकोणिसाव्या शतकात याच धंद्यावर जगप्रसिद्ध झाले.

या सगळ्या साखळीत कच्चा दुवा होता घोडा. नदीजवळची झाडे संपत गेली तशी तोड आत सरकली, अंतर वाढले. घोड्यांचे गवत आणि ओट्स जंगलात वाहून न्यायलाही घोडेच लागायचे. त्यात हंगाम तीन-चार महिन्यांचा. नदीला पूर यायच्या आत माल काठावर आला नाही तर वर्ष वाया.

वाफेचे इंजिन तोपर्यंत जुने झाले होते आणि लाकूडतोडीतही शिरले होते. कॅलिफोर्नियातल्या युरेका गावच्या जॉन डॉल्बीअरने १८८२ मध्ये पेटंट घेतलेले 'डाँकी' इंजिन म्हणजे उभा बॉयलर, एक सिलिंडर आणि दोर गुंडाळणारे फिरते पिंप. ते एका जागी बसून दोराने ओंडके ओढायचे, आणि जागा बदलायची झाली की समोरच्या झाडाला दोर बांधून स्वतःलाच ओढत न्यायचे. मिशिगनच्या एफ्राइम शे याने जंगलातल्या कच्च्या रुळांवर चालेल असे दातेरी चाकांचे रेल्वे इंजिन काढले. त्याचे पेटंट १८८१ चे. ओहायोतल्या लायमा कारखान्याने तशी २,७०० हून अधिक इंजिने बनवली. तैवानच्या अलिशान डोंगरातली जंगल रेल्वे याच इंजिनांवर वाढली. शेच्या इंजिनावर एक वेगळा लेख होईल, इतके ते गंमतीदार आहे. सगळे सिलिंडर एका बाजूला, आणि तोल साधायला बॉयलर दुसऱ्या बाजूला सरकवलेला!

पण डाँकी एका जागी बसणारा आणि शेच्या इंजिनाला रूळ हवेत. तीन महिन्यांच्या बर्फातल्या वाटेसाठी रूळ कोण टाकणार? आपला रूळ आपणच बरोबर घेऊन फिरणारे यंत्र हवे होते. कल्पना तशी नवी नव्हती. इंग्लंडमध्ये जॉर्ज केली यांनी १८२५ मध्येच अशा 'फिरत्या रुळा'चे पेटंट घेतले होते. कल्पनेपासून रोज सकाळी सुरू होणाऱ्या यंत्रापर्यंत यायला मात्र पाऊणशे वर्षे गेली.

ते अंतर कापणारा माणूस आल्विन लोम्बार्ड. जन्म १८५६, गाव मेनमधलेच स्प्रिंगफील्ड. लहानपणापासून वडिलांच्या लाकडाच्या गिरणीत काम, शाळा बेताची. पाणचक्क्यांचा वेग आपोआप आवरणारा गव्हर्नर बनवून त्याने नाव आणि पैसा मिळवला होता. मेनमधल्या वॉटरव्हिल गावी राहत असताना त्याने हा ओंडके ओढणारा गडी बांधला आणि २१ मे १९०१ रोजी त्याचे पेटंट मिळाले.

यंत्र डोळ्यांपुढे आणायचे असेल तर रेल्वेचे छोटे वाफेचे इंजिन घ्या. त्याची मोठी चाके काढा. मागे दोन्ही बाजूंना पोकलेनसारखे पोलादी पट्ट्यांच्या कड्यांचे माळके चढवा आणि पुढच्या चाकांच्या जागी बर्फावर घसरणाऱ्या दोन लाकडी-लोखंडी पट्ट्या लावा. झाला लोम्बार्ड हॉलर. खरी करामत माळक्याच्या आत होती. अठरा-वीस टनांच्या घरातले वजन थेट माळक्यावर घासले असते तर तासाभरात सगळे झिजले असते. म्हणून माळके आणि सांगाडा यांच्यामध्ये लाटण्यांची दुसरी अखंड साखळी फिरती ठेवली होती. पोळी लाटताना लाटणे जे करते तेच ती करायची. वजन घरंगळत पुढे जायचे, घासत नव्हते. आणि वजन जमिनीवर पसरायचे. चिखलात आपण बैलगाडीच्या चाकाखाली फळी घालतो ना, तीच फळी मागून उचलून पुन्हा पुढे घालत राहायची, न थांबता. पट्टा म्हणजे एवढेच.

एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. घोड्यांची सुट्टी करायला निघालेल्या या यंत्राच्या पहिल्या नमुन्याला पुढे घोडेच जुंपलेले होते, ओढायला नव्हे, वळवायला! सुकाणूची सोय नंतर आली. आणि ती आल्यावर घोड्यांची जागा एका माणसाने घेतली. माझ्या मते या इतिहासातला खरा माणूस तोच.

हॉलरवर चौघेजण असत. चालक, कोळशे म्हणा की लाकडे म्हणा, पण आग सांभाळणारा फायरमन, मागे घसरगाड्यांवर लक्ष ठेवणारा कंडक्टर, आणि सुकाणूवाला. पहिले दोघे बॉयलरच्या उबेला. सुकाणूवाला मात्र बॉयलरच्याही पुढे, यंत्राच्या नाकावर, हातात मोठे चाक धरून उघड्यावर बसलेला. मेनमधली जानेवारीची रात्र, पारा शून्याच्या बराच खाली, समोरून वारा आणि मागून धुराड्याच्या ठिणग्या. कामही बहुतेक दिवसरात्र चाले. पुढे दिवा लावून रात्रीच्या फेऱ्या व्हायच्या. मागे ओंडक्यांनी लादलेल्या घसरगाड्यांची आगगाडी. वेग म्हणाल तर ताशी चार-पाच मैल, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाएवढा.

वेग ऐकून हसू येईल, पण आता पुढचे ऐका. या यंत्राला ब्रेक नव्हता.

सपाटीवर त्याचे काही वाटत नसे. वाफ बंद केली की थांबले. पण ओझे सहज घसरावे म्हणून वाट मुद्दाम पाणी शिंपडून गोठवलेली, काचेसारखी गुळगुळीत. उताराला लागले की शेकडो मण लाकूड मागून रेटणार. त्यासाठी उतारांवर गवत पसरून ठेवण्याचे काम वेगळ्या माणसांकडे असे. घसरपट्ट्यांना गवताने अडवायचे, हाच ब्रेक. गवत कमी पडले, किंवा वरून पडलेल्या बर्फाने झाकले, तर आगगाडी सुटायची. चालक आणि फायरमन यांना निदान उडी मारता आली असती. सुकाणूवाल्याने उडी मारली तर तो थेट पट्ट्यांपुढे. आणि चाक सोडले तर सगळेच झाडांत. म्हणून तो बसून राहायचा. बॉयलर, पट्टे आणि घसरगाड्या यांचे सगळे ओझे पाठीशी, आणि हातात फक्त दिशा.

अशी वाफेवरची ८३ यंत्रे लोम्बार्डने १९१७ पर्यंत बांधली. विस्कॉन्सिनमधल्या ओ क्लेअर गावच्या फिनिक्स कंपनीने परवाना घेऊन आणखी बनवली. पुढे लोम्बार्डने पेट्रोलवरचीही काढली. मग ट्रक आले, रस्ते आले आणि हंगामाचे गणितच बदलले.

लोम्बार्डच्या पेटंटनंतर तीन वर्षांनी, नोव्हेंबर १९०४ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनचा बेंजामिन होल्ट आपल्या वाफेच्या ट्रॅक्टरला पट्टे लावून चाचणी घेत होता. त्याची अडचण आपल्या जांबोटीसारखीच, म्हणजे खाडीकाठची भुसभुशीत शेतजमीन आणि रुतणारी चाके. रुतू नये म्हणून तिथे चाके इतकी रुंद केली होती की ट्रॅक्टर रस्त्यात मावेना. सुरवंटासारखा सरपटतो म्हणून त्या ट्रॅक्टरला 'कॅटरपिलर' नाव पडले. होल्टचे ट्रॅक्टर पहिल्या महायुद्धात तोफा ओढायला गेले, त्यांच्याकडे पाहून ब्रिटिशांच्या रणगाड्याच्या कल्पनेला बळ मिळाले आणि सप्टेंबर १९१६ मध्ये सोमच्या रणभूमीवर पहिला रणगाडा उतरला. १९२५ मध्ये होल्ट आणि बेस्ट या दोन कंपन्या एक होऊन कॅटरपिलर कंपनी झाली. तिचे पिवळे धूड आज कुठल्याही धरणावर दिसते. लोम्बार्डचे नाव मात्र मेनबाहेर फारसे कुणी घेत नाही. तो १९३७ मध्ये वारला.

हे वाचताना मला राहून राहून लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवत होते. लोम्बार्डपेक्षा तेरा वर्षांनी लहान. तेही शिक्षणाने इंजिनिअर नव्हेत. शिकायला गेले चित्रकला, पण रंग नीट ओळखू येत नाहीत म्हणून यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. १८८८ मध्ये आपल्या बेळगावात सायकलचे दुकान, मग कडबा कापायचे यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासेल या भीतीने शेतकरी तो नांगर घेईनात. पुढे बेळगावातली जागा सोडावी लागली आणि औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपल्या शहरात किर्लोस्कर रोड आहे, पण त्यावरून रोज जाणाऱ्या किती मुलांना तो कुणाचा हे सांगता येईल, याची मला शंका आहे. माझ्या मुलाला सांगता आले नाही. तेव्हा वॉटरव्हिलवाल्यांना नावे ठेवायला मी जाणार नाही.

उलट त्यांचे एक मानले पाहिजे. वाफेवरचे हॉलर आज हातावर मोजण्याइतकेच उरले आहेत. त्यांतला एक बँगोरजवळच्या ब्रॅडली गावात लाकूडतोडीच्या संग्रहालयात आहे. मेन विद्यापीठाच्या मेकॅनिकलच्या मुलांनी हातभार लावून तो पुन्हा वाफेवर चालता केला. याच राज्यात ईगल तलावाजवळ जंगलात दोन मोठी रेल्वे इंजिने उभी आहेत. कागदासाठी लाकूड वाहणारी ती छोटी रेल्वे १९३३ मध्ये बंद पडली तेव्हा इंजिने जिथल्या तिथे सोडून दिली. आता रूळ गेले, शेड गेली, चारी बाजूंनी पुन्हा झाडे वाढली, आणि त्यांच्यामध्ये ही गंजलेली जोडी. लोक होड्या वल्हवत ती बघायला जातात.

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो, कारण मला एक रोलर आठवला. नोकरीच्या सुरुवातीला एका कार्यालयाच्या आवारात चिंचेखाली जुना वाफेचा रोड रोलर पडून होता. निर्लेखनाचे कागद माझ्याकडून तयार झाले. यंत्राचे नाव, 'दुरुस्तीपलीकडे', अंदाजे वजन आणि भंगाराची किंमत, एवढे चार रकाने. बॉयलरवर कारखान्याची पितळी पाटी होती. तिच्यावर साल होते, नंबर होता. मी ते कुठे लिहून घेतले नाही, कारण फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता. तीन दिवसांत गॅस कटरने त्याचे तुकडे झाले. त्यावर तीस वर्षे काम केलेला चालक निवृत्त होऊन गावातच राहत होता. त्याला कुणी कळवलेही नाही, आणि त्यात मीही आलो.

आमच्या खात्यात प्रत्येक यंत्राला लॉगबुक असते. किती तास चालले, किती डिझेल प्याले. हा 'लॉग' म्हणजे मुळात ओंडकाच. जहाजाचा वेग मोजायला खलाशी दोराला बांधून लाकडाचा तुकडा पाण्यात टाकत आणि आकडा वहीत मांडत, त्यावरून हा शब्द आला. रोलरचे लॉगबुकही त्याच्याबरोबर रद्दीत गेले.

या मे महिन्यात तो ऑपरेटर पुन्हा भेटला, आता दुसऱ्या ठेकेदाराकडे. मी त्याला गाठून सांगितले की तेव्हा मी चुकीचे सांगितले होते, आणि मग बर्फ, ओंडके, पट्ट्यातली लाटणी, नाकावर बसलेला सुकाणूवाला, सगळे सांगितले. पट्ट्याचे त्याला विशेष वाटले नाही. त्याने एकच विचारले, "ब्रेक नसताना बसायचा त्यो? नाव काय ओ त्याचं?"

मी पुन्हा शोधतो आहे. दरम्यान त्याच्या पोकलेनच्या लॉगबुकात पहिल्या पानावर ऑपरेटरचे पूर्ण नाव आणि गाव लिहून ठेवले आहे. तसा रकाना नाही, समासात लिहिले.