एक लॅपटॉप, पाच मुलं: माउस कोणाच्या हातात?

वर्गात एका लॅपटॉपभोवती चार-पाच मुलं बसली, की माउस बहुतेक वेळा एकाच्याच हातात राहतो. बाकीची नुसती बघत बसतात. ग्रामीण शाळांमध्ये हेच दिसल्यावर बेंगळुरूच्या ‘मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया’ने २००६च्या सुमारास एका कॉम्प्युटरला अनेक माउस जोडून पाहिले. प्रत्येक मुलाला वेगळ्या रंगाचा कर्सर! पण ‘आधी क्लिक कोण करतो’ अशी शर्यत लागली, की काही मुलं विचार न करताच क्लिक करत सुटायची. सगळ्यांनी उत्तर निवडल्यावरच पुढे जायचं, असा नियम केल्यावर हा प्रकार कमी झाला.

जास्तीचे माउस नसले, तरी ठरावीक मिनिटांनी माउस पुढच्याकडे द्यायचा, एवढा नियम कोणत्याही वर्गात करता येतो. नाहीतर कागदावर पाच मुलं कॉम्प्युटर शिकतात, प्रत्यक्षात एकच.