जनरलसाहेब लिहितायत

तारीख १० जुलै १८८५. सॅराटोगाहून निघालेली छोटी गाडी माउंट मॅकग्रेगर चढून थांबते. तुमच्याबरोबर बरीच मंडळी उतरतात. काम कुणालाच नाही. सगळ्यांना बंगलीच्या व्हरांड्यात बसलेला माणूस बघायचाय. लांबून कळसाला हात जोडावेत तसे ते टोप्या काढतात आणि पुढे सरकतात. तंबू ठोकून पहाऱ्याला बसलेला जुना सैनिक तुम्हाला अडवत नाही. तुम्ही त्याला दिसतच नाही, तेव्हा खुशाल पायऱ्या चढा.

युलिसिस ग्रँट. अमेरिकेचं यादवी युद्ध जिंकून देणारे सेनापती, १८६९ ते १८७७ राष्ट्राध्यक्ष. भर जुलैत डोक्याला लोकरी टोपी, गळ्याभोवती रुमाल, हातात पेन्सिल. घशाच्या कर्करोगानं आवाज जवळजवळ गेलाय. डॉक्टर डग्लस घशाला कोकेनचं पाणी लावतात. तेवढ्यापुरता ठणका कमी होतो. मॉर्फिन जनरल शक्यतो टाळतात, कारण त्यानं डोकं बधिर होतं, आणि डोकं तर चालायला हवंय. आत डोकावलात तर समोरासमोर मांडलेल्या दोन चामडी खुर्च्या दिसतील. आडवं झालं की जीव घुसमटतो, म्हणून एकीत बसायचं, दुसरीवर पाय टाकायचे. रात्रही तशीच काढायची.

एवढा अट्टहास कशासाठी? पैशासाठी, चक्क पैशासाठी. गेल्या वर्षी मे महिन्यात फर्डिनंड वॉर्ड या भागीदारानं 'ग्रँट अँड वॉर्ड' ही वॉल स्ट्रीटवरची पेढी बुडवली. बुडायच्या दोनच दिवस आधी त्याच्या सांगण्यावरून ग्रँट धनाढ्य व्हँडरबिल्टांकडून दीड लाख डॉलर उसने घेऊन आले, तेही गेले. फेडीपोटी तलवारी, मानचिन्हं लिहून द्यावी लागली. माजी राष्ट्राध्यक्षाला पेन्शन नाही. मग एका मासिकासाठी लढायांवर लेख लिहिले, एका लेखाचे ५०० डॉलर, आणि त्यातून पुस्तक निघालं. प्रकाशक मार्क ट्वेन. निव्वळ नफ्यातले ७० टक्के लेखकाला.

मला विचाराल तर हे पुस्तक चांगलं उतरलं ते या घाईमुळेच. ज्याला उसंत नाही त्याला पाल्हाळ कसं परवडणार? टेबलावरची मुद्रितं उचला. ९ एप्रिल १८६५, ॲपोमॅटॉक्स. शरण आलेले दक्षिणेचे सेनापती ली नव्याकोऱ्या गणवेशात, कमरेला देखणी तलवार. जिंकलेले ग्रँट साध्या शिपायाच्या डगल्यात. लींचं पत्र आलं तेव्हा झालेला आनंद समोरासमोर आल्यावर पार मावळला, उदास वाटलं, असं ते सरळ लिहितात. आणि लगेच पुढे, दोघे जुन्या फौजेच्या आठवणींत असे रमले की भेटीचं कारणच जवळजवळ विसरायला झालं.

पानं उलटत राहा. युद्ध संपतं, पाठोपाठ पुस्तकही आवरतं. आठ वर्षांची सत्ता, तिच्यातले घोटाळे, त्यांचे खुलासे यांतलं जवळजवळ काहीच नाही. आपल्याकडची राजकीय आत्मचरित्रं वाचून सवय झालेली, त्यामुळे 'विरोधकांनी माझ्यावर केलेला अन्याय' हे प्रकरण तुम्ही उगाच शोधत बसता. जगप्रवासही नाही. १८७९च्या फेब्रुवारीत हेच गृहस्थ मुंबईत मलबार पॉइंटला सरकारी पाहुणे होते; तेवढी दोन पानं असती तर, असं मनात येतंच.

इतक्यात सायमन बकनर भेटीला येतात. १८५४ मध्ये फौज सोडून न्यूयॉर्कात खिसा रिकामा झालेल्या ग्रँटना हॉटेलच्या बिलासाठी मदत केली ती याच मित्रानं. १८६२ मध्ये फोर्ट डोनेल्सनला दक्षिणेचा सेनापती म्हणून बिनशर्त शरण आला तोही हाच. आता बकनर बोलतात, ग्रँट चिठ्ठीवर उत्तर लिहितात: उत्तर आणि दक्षिणेत जो सलोखा युद्धानंतर बघायची इच्छा होती, तो या आजारपणात बघायला मिळाला.

तेरा दिवसांनी, २३ जुलैच्या सकाळी, आठ वाजून गेल्यावर काय होणार ते या व्हरांड्यात फक्त तुम्हालाच नेमकं माहीत आहे. पत्नी ज्युलियाबाईंच्या हाती अखेरीस सुमारे साडेचार लाख डॉलर पडतील हेही. पण ते सांगून उपयोग नाही. दुसऱ्या खंडातल्या दुरुस्त्या अजून बाकी आहेत. तिकडे खाली गावोगाव ट्वेनचे विक्रेते, त्यांतले बरेच जुने सैनिक, छातीवर बिल्ले लावून दारं ठोठावतायत. डिसेंबरपर्यंत बाजारात न येणाऱ्या पुस्तकाची मागणी आत्ताच नोंदवून घेतायत.