कालवणातलं पाणी

दोन मुठी सुकट तव्यावर कोरडी भाजायची, निवडून धुवायची. तेलात कांदा-लसूण परतायचा, हळद-तिखट घालायचं, एक बटाटा चिरून टाकायचा. सुकट, मीठ, दोन आमसुलं. मग पाणी. माणसं चार असतील तर तांब्याभर, पाहुणा आला तर आणखी अर्धा तांब्या. भातावर ओतलं की सगळ्यांचं पोट भरतं.

मुंबईहून कसाऱ्याकडे जाताना आसनगावनंतर आटगाव स्टेशन लागतं. या शहापूर-मुरबाड पट्ट्यात भात पिकतो, समुद्र मात्र लांब. म्हणून इथे पोचते ती वाळवलेली मासळी. ती टिकते, वजनाला हलकी असते आणि मूठभर घातली तरी अख्ख्या पातेल्याला चव येते. आठवडी बाजारातून ती घराघरांत गेली.

या कालवणात जुनं वाटणारं बरंच काही तसं नवंच आहे. मिरची आणि बटाटा मूळचे अमेरिकेतले. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ते पश्चिम किनाऱ्यावर आले. ‘बटाटा’ हा शब्दही त्यांचाच. १५३४ मध्ये वसई त्यांच्या ताब्यात गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. पोर्तुगीज गेले, मिरची राहिली. त्याआधी तिखटपणासाठी मिरी होती, पण ती विकत घ्यावी लागे. मिरचीचं रोप परसात वाढतं. गरिबाच्या रश्श्याला तिखट परवडलं ते त्यामुळे.

आता पाण्याकडे येऊ. खरी स्वस्ताई त्याच्यामुळेच आहे. दोन मुठींचं जेवण चार जणांना पुरतं, कारण पाणी फुकट, असं आपण धरून चालतो. आटगावच्या परिसरात हे गृहीतक टिकत नाही.

मुंबईसाठी १८६० मध्ये विहार तलाव झाला, १८७९ मध्ये तुळशी. शहर वाढत होतं, तेवढं पाणी पुरेना. मग इंजिनिअरांची नजर शहापूरच्या डोंगरांकडे वळली. १८९२ मध्ये तानसा धरणाचं पाणी मुंबईला निघालं. शहापूरचा भाग उंचावर, मुंबई खाली, त्यामुळे पाणी उतारानेच वाहत गेलं. पुढे १९५७ मध्ये वैतरणेवरचं मोडकसागर, नंतर भातसा, २०१४ मध्ये मध्य वैतरणा. आज मुंबईच्या पाण्याचा मोठा वाटा याच भागातून जातो.

आणि याच शहापूर तालुक्यातल्या गावापाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतात. पाऊस कमी पडतो म्हणून नव्हे. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो, पण जमिनीखाली काळा कातळ आहे. पाणी मुरत नाही, उतारावरून धावत सुटतं. ते अडवायला धरणं बांधली, पण त्यांच्या पाइपलाइन शहराच्या दिशेने गेल्या. उंचावरच्या पाड्याला धरणाचं पाणी द्यायचं तर पंपाने वर चढवावं लागतं. त्यासाठी योजना लागते, वीज लागते आणि वीजबिल भरणारंही कुणी लागतं. एप्रिल-मेमध्ये बाया विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने हंडा भरतात, ते यामुळे.

‘कमी पैशांत घरचं जेवण’ असे व्हिडिओ तुम्ही मोबाइलवर पाहिले असतील. त्यात कांद्याची किंमत असते, तेलाची असते. ‘गरजेपुरतं पाणी’ एवढं म्हणून पुढे जातात. पण मे महिन्यात पाड्यावर सुकट धुवायला लागणारं पाणी, रश्श्याचं पाणी आणि नंतर पातेलं घासायचं पाणी, तिन्हींचा हिशोब आधीच करावा लागतो. तो हिशोब हंडा वाहणारी बाई करते. तिच्या फेऱ्या कुठल्याच खर्चात धरल्या जात नाहीत, म्हणून हे कालवण स्वस्त दिसतं.

मुंबईत हेच कालवण कुणी रांधलं, तर नळातून त्यात पडणारं पाणी बहुतेक इकडूनच आलेलं असतं.