स्कॉलरशिप आली का?

दहावीनंतर आपल्यातले बरेच जण नांदेडला नाहीतर लातूरला गेले. तेव्हा भेटलं की पहिला प्रश्न हाच असायचा.

ही भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी ती सुरू झाली. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता.

आमच्या वेळी पैसा कॉलेजमार्फत यायचा. जातीचा, उत्पन्नाचा दाखला जोडून फॉर्म खिडकीवर द्यायचा. तो समाजकल्याण कार्यालयात जायचा, मंजुरी, मग ट्रेझरीत बिल. शेवटी नोटीस बोर्डावर यादी. फी कॉलेज कापून घेई, उरलेला निर्वाह भत्ता रजिस्टरमध्ये रेव्हेन्यू तिकिटावर सही करून हातात. आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीचा भत्ता परीक्षा उलटल्यावर आला. तोवर खानावळीसाठी तिने कानातलं मोडलं होतं. सही करताना कारकुनाने आकड्यावर तळहात ठेवला होता. तिने विचारलं नाही. मी शेजारी उभी होते, मीही नाही. सर, तुम्ही आम्हाला गणित चांगलं शिकवलं होतं, पण ते तिथे काढायची हिंमत नव्हती.

२०१७-१८ मध्ये महाडीबीटी पोर्टल आलं. पहिल्याच वर्षी ते इतकं अडखळलं, की पुन्हा ऑफलाइनचा आधार घ्यावा लागला. (सॉफ्टवेअरवालीला यात नवल नाही, लाखो पोरांवर एकदम चाचणी घ्यायची नसते.) २०२१-२२ पासून अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात, तोही राज्याने आपले ४० टक्के दिल्यावर. फीची रक्कमही त्यातच, ती मुलाने सात दिवसांत कॉलेजला भरायची. एक हप्ता रखडला की कॉलेज मुलाच्याच मागे लागतं.

आणखी एक मेख. फॉर्मवर खातं कोणतंही लिहा, पैसे जातात आधार शेवटचं जिथे जोडलं असेल तिथे. त्या मैत्रिणीची मुलगी आता लातूरला शिकते. पोर्टल म्हणे ‘रक्कम जमा’, पासबुकात काहीच नाही. दोन महिने ती कॉलेजला दोष देत होती. मी फोनवर विचारत गेले, तेव्हा सातवीत गणवेशाच्या पैशांसाठी गावात उघडलेलं खातं आठवलं. पैसे तिथे पडून होते.

ती एसटीने गावी गेली, केवायसी केलं, रांगेत थांबली. पैसे काढायच्या स्लिपवर आकडा तिने स्वतः लिहिला आणि सही केली. आईला तो फोटो पाठवला, आईने मला.