नेम एकाचा, नजर दुसऱ्याची

श्रोतेहो, मेक्सिको देशात नेमबाजीची एक जुनी रीत होती. कोंबडी, रानडुक्कर, टर्की, मेंढा अशी जिवंत जनावरे लांबवर बांधायची अन् गोळी झाडायची. रक्त निघाले की नेम लागला म्हणायचे. मागाहून त्याच मांसाची मेजवानी. १९४८ साली मेक्सिको शहरात गोन्सालो आग्विलार यांनी जनावरांच्या जागी त्यांच्याच आकाराचे पोलादी पत्रे उभे केले असे सांगतात. मुकी जनावरे सुटली आणि खेळही सुधारला. पुढे ही शर्यत सरहद्द ओलांडून अमेरिकेत गेली. १९७३ साली तिथे अॅरिझोना राज्यातल्या टूसॉन गावी राष्ट्रीय स्पर्धा भरली.

कोंबडी २०० मीटरवर, डुक्कर ३००, टर्की ३८५ आणि मेंढा ५०० मीटरवर. नेमबाजाने उभ्यानेच मारायचे, बंदुकीला टेका नाही. पाच पत्रे, पाच गोळ्या, वेळ अडीच मिनिटे. आणि तेही डावीकडून उजवीकडे, ओळीने. क्रम चुकून भलताच पाडलात तर तो फुकट!

आता गंमत पाहा. आपल्याकडे नेमबाज म्हटला की अर्जुन आठवतो, पोपटाच्या डोळ्याखेरीज काहीच न दिसणारा. इथे मात्र बाकीचे सगळे पाहायला दुसरा माणूस लागतो. त्याला स्पॉटर म्हणतात. तो नेमबाजाच्या खांद्यामागे दुर्बीण लावून असतो. का म्हणाल, तर बार उडताच बंदूक धक्का देते, नेमबाजाची नजर हलते आणि गोळी कुठे गेली हे त्यालाच नीट कळत नाही. स्पॉटरला मागच्या बांधावर उडालेली धूळ दिसते. कधी गोळीने कापलेल्या हवेची पुसट रेघसुद्धा दिसते. तो एवढेच म्हणतो, "पोटाखालून गेली," किंवा "शेपटीकडे, वीतभर."

गुरुजींनी मुलांना हिशेब घालावा: ५०० मीटर जायला गोळीला सुमारे पाऊण सेकंद, आणि पत्र्याचा ठणका परत यायला आणखी दीड सेकंद. तोवर स्पॉटरने पाहून झालेले असते.

वाऱ्याचे कामही त्याचेच. उन्हाच्या झळा तुम्ही रानात पाहता ना? दुर्बिणीतून त्या वाहताना दिसतात. वारा डावीकडचा असला तर झळा उजवीकडे सरकतात. वारा पडला की सरळ वर उकळतात. झळा पालटल्या अन् स्पॉटर गप्प राहिला, तर गोळी वाया. आणि गुण कापले जातात ते नेमबाजाचे, स्पॉटरचे नव्हेत! म्हणून माझ्या मते हा विश्वासाचा व्यवहार बंदुकीपेक्षा अवघड.

मेंढ्याचे तर विशेषच. तो जड. गोळी पायाला लागली, ठणका ऐकू आला, पण मेंढा उभाच राहिला तर गुण शून्य. अशा वेळी स्पॉटर "लागली" म्हणून खूश करीत नाही. "वर धर" म्हणतो. पुष्कळदा पाळी संपली की दोघे जागा बदलतात, आणि आता दुर्बीण नेमबाजाच्या हाती येते.